दाजींचं बसून असलेलं कार्ड

बहिणीचा नवरा पडला, म्हणून ओरडता येत नाय. नाहीतर त्या रविवारी मी दाजींवर खरंच ओरडलो असतो. दाजी शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. कुणी बसलेलं दिसलं की त्यांचं डोकं फिरतं. सुट्टीच्या दिवशी स्वतः मात्र बसून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी औरंगपुऱ्यातून लई भारी ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं, तरी गेम अडखळतच होता. सेकंदाला चाळीस फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, वर जाईना; त्या जितक्या जास्त, तितका गेम सरळ पळतो.

"खराब कार्ड दिलं त्यानं. चल, दुकानात भांडू."

मी गेमची सेटिंग पार खाली आणली. चित्र धुरकट झालं, फ्रेम चाळीसच. "बघा दाजी, कार्डाचं काम कमी केलं तरी फरक नाय. म्हणजे कार्डाला काम पुरवणारा जुना प्रोसेसरच मागं पडतोय. तुमच्या लाइनवर एक मशीन हळू चाललं, तर पुढच्या मशीनचं काय होतं?"

"बसून राहतं," दाजी ताडकन म्हणाले.

"तसंच हे कार्ड अर्धा वेळ बसून आहे."

दाजींचा चेहराच पडला. मला वाटलं, शिरलं एकदाचं डोक्यात. "प्रोसेसर बदला," असं तीनदा बजावून मी घरी आलो.

संध्याकाळी फोन. "झालं काम! सगळ्या सेटिंग फुल्ल केल्या. कार्ड आता शंभर टक्के राबतंय."

"अन् फ्रेम?"

"पंचवीसवर आल्या. पण आता फुकट बसून कुणी नाय!"