दुसरी साक्ष

आदरणीय अध्यक्ष सुपरिंटेंडंट मॅकिल्विक साहेब, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला बसलेले फादर हॅनवे, उजव्या अंगाला बसलेले रेव्हरंड लोगी, दोघांच्या मधोमध बंदोबस्ताला ठेवलेला पाण्याचा जग, सत्कारमूर्ती सार्जंट इशबेल कार्सवेल, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

बावीस वर्षांपूर्वी मी वार्ताहर म्हणून ग्लासगोत आलो, तेव्हा पहिल्याच माणसाने मला नाव विचारलं नाही, शाळा विचारली. इथे शाळा कळली की धर्म कळतो, धर्म कळला की फुटबॉलचा संघ कळतो, आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांचा हिरवा की प्रोटेस्टंटांचा निळा. मी म्हटलं, वाईची संस्कृत पाठशाळा. तो बराच वेळ विचारात पडला आणि मग मला बिअर पाजली. वाईच्या पाठशाळेशी त्याचं काही वैर निघेना.

इशबेलबाईंची तीस वर्षांची सेवा, पदकं, ती पुराच्या वर्षीची कामगिरी, हे सगळं अध्यक्ष सांगतीलच. मला गेल्या गुरुवारी त्यांनी घरी बोलावलं, चहा ओतला आणि म्हणाल्या, “गद्रे, माझी स्तुती करायची नाही. पॅट डेव्हनीचं सांगायचं. माझ्या तोंडून निघत नाही.”

तेव्हा सांगतो.

बारा वर्षांपूर्वी, निळ्यांच्या मैदानाबाहेर, सामना सुटताना, कॉन्स्टेबल इशबेल आणि कॉन्स्टेबल डेव्हनी शेजारी शेजारी उभे होते. ती निळ्या घरातली, तो हिरव्या. गळ्यात हिरवा मफलर घातलेले एक आजोबा नातीचा हात धरून चालले होते. वॉल्टर टेनिक नावाचा गृहस्थ त्यांना आडवा गेला आणि ओरडला, “ए पोपच्या पिल्लांनो, बोट लागलीय बंदरात, चालते व्हा आयर्लंडला!” पुढचे शब्द इथे उच्चारत नाही, फादर बसलेत. रेव्हरंडही बसलेत, आणि त्यांना ते ठाऊक असतील असं मी मुळीच म्हणत नाही. शेवटी तो त्या मुलीच्या अंगावर थुंकला.

डेव्हनींनी वहीत शब्द न् शब्द उतरवला. मैदानातल्या असल्या शिव्यांसाठी तेव्हा खास कायदा होता. पुढे तो रद्द झाला, शिव्या राहिल्या. पण इथला एक जुना नियम तेव्हाही होता, आजही आहे. एकाच्या साक्षीवर कुणालाही दोषी धरत नाहीत. दुसरी साक्ष लागते. आजोबा नातीला घेऊन केव्हाच गर्दीत नाहीसे झाले होते. उरल्या इशबेलबाई.

आणि वॉल्टर टेनिक म्हणजे त्यांच्या वडिलांच्या बासरी-बँडमधला ढोलवाला. वडिलांच्या अंत्ययात्रेत पुढे ढोल त्यानेच वाजवला होता. खटल्याच्या आदल्या रविवारी आई म्हणाली, “इशबेल, वॉल्टरला आत घातलंस तर चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही गं.”

कोर्टात बाई म्हणाल्या, “मी दुसरीकडे बघत होते, साहेब. गोंगाट होता. मला ऐकू आलं नाही.”

वॉल्टर सुटला. बाहेर व्हरांड्यात डेव्हनींनी एवढंच विचारलं, “खरंच नाही ऐकलंस?” बाईंनी टोपी नीट केली.

माणसं एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण चौकीत बोललं जाऊ लागलं, हिरव्याने निळ्याला अडकवायला रचून लिहिलं. “पॅट, आज काय ऐकलंस रे? आमच्यासाठीही चार ओळी लिही की!” त्यांच्याबरोबर गस्तीला कुणी जाईना. दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि एका गोदामावर पहारा करू लागले. गेल्या हिवाळ्यात ते वारले. खोटारडा हे नाव शेवटपर्यंत चिकटलेलंच होतं.

काल सकाळी इशबेलबाईंनी सरकारी वकिलांकडे स्वतःविरुद्ध लेखी जबाब दिला. कोर्टात खोटं बोलल्याचा. त्याचं काय व्हायचं ते होईल. वर्दीतल्या माणसाला त्याची शिक्षा काय, हे या सभागृहात मी कुणाला शिकवावं?

मला बोलावलं त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, त्या डेव्हनींच्या पत्नीकडे गेल्या होत्या. बर्नाडेटबाई तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांच्याच परवानगीने सांगतो. दार अर्धंच उघडून त्या म्हणाल्या होत्या, “बारा वर्षं लागली होय? पॅट असता तर आत ये म्हणाला असता. त्याचा स्वभावच तसा. मी नाही म्हणणार. पण ज्यांनी त्याला खोटारडा म्हटलं, त्या सगळ्यांसमोर बोल. मी ऐकायला येईन.”

तेव्हा, त्या सगळ्यांनो, कॉन्स्टेबल पॅट डेव्हनींनी वहीत लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.

हे बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. त्यांना हे कालच कळवलं होतं, तरी त्यांनी समारंभ रद्द केला नाही. स्वयंपाकघरातल्या मंडळींचेही आभार. माझ्या बोलण्यात कुठे तोल गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो दोष माझा समजून पोटात घाला. मी माझ्यापुरतीच क्षमा मागतो. इशबेलबाईंसाठी ती मागू का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या.