शेंदराचे हात

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा. पाप केव्हा लागतं? केल्यावर, की सापडल्यावर? केल्यावर म्हणता? छान. पाठांतर चांगलं आहे.

इंग्रजीत एक बोलणं आहे, ‘कॉट रेड-हँडेड’. दुसऱ्याचं जनावर चोरून मारलं आणि हातावरचं रक्त वाळायच्या आत धरला गेला, तर तो ‘लाल हातांनी सापडला’. आपण म्हणतो रंगेहाथ. आता यातली सोय बघा. ज्याला हात धुवायला वेळ मिळाला, त्याला काय म्हणायचं? इंग्रजांना सुचलं नाही. आपण त्याला ‘अध्यक्ष’ म्हणतो. हसू नका, पहिल्या रांगेत बसलेत.

तर ऐका. शिरसवाडीत मारुतीचं देऊळ. वैशाखातला शनिवार. सकाळी लोक दर्शनाला येतात तर देवाचे चांदीचे डोळे नाहीत. ओल्या शेंदरातून कुणीतरी उपटून नेलेले. गाव पारावर जमलं. देवस्थानचे अध्यक्ष रावसाहेब जगदाळे उभे राहिले. शिकलेला माणूस.

“चोर रेड-हँडेड सापडणार,” रावसाहेब म्हणाले. “शेंदूर तेलातला आहे, पाण्यानं जात नाही. ज्याचे हात लाल, तो चोर. करा हात पुढे.”

सगळ्यांनी रांगेत उभं राहून केले. लाल निघाले एकाचेच. भिवबा गुरवाचे. अहो, देवाला शेंदूर लावणारा माणूस तो. त्याचा बाप लावायचा, आजा लावायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा भिवबाची नखं लाल.

“सापडला,” रावसाहेब म्हणाले.

“रावसाहेब, हे हात तुम्ही आज बघताय व्हय?”

“आज पुरावा म्हणून बघतोय.”

भिवबाची बायको हौसाबाई पुढं आली. “ह्यांचं हात पांढरं असतं, तर तुमचा देव लाल कसा ऱ्हायला असता?”

“बाईमाणसानं मधे बोलू नये,” रावसाहेब म्हणाले. संपला युक्तिवाद.

आता त्याच रांगेत होता रावसाहेबांचा पुतण्या, संग्राम. त्याचे हात गावात सगळ्यांत स्वच्छ. घासून घासून सोलवटलेले. त्याच्या शेजारी दगडू शिंपी. दगडूनं नाक फेंदारलं आणि पलीकडच्याला हळूच विचारलं, “रॉकेलचा वास येतोय का रं? शेंदूर रॉकेलनं निघतोय म्हणत्यात.”

“मला सर्दी हाय,” पलीकडचा म्हणाला.

त्याच्या पलीकडच्यालाही सर्दी. भर वैशाखात अख्ख्या रांगेला सर्दी, मंडळी. दगडूला आठवलं, रावसाहेबांच्या घरचं सगळं शिवणकाम आपल्याकडं आहे. मग दगडूनंही नाक ओढलं.

भिवबाची पूजा त्याच पारावर बंद झाली. पिढ्यांची सेवा, घरची चूल, गावातलं नाव, सगळं गाभाऱ्याच्या एका किल्लीला बांधलेलं. ती त्यानं कमरेची सोडून रावसाहेबांपुढं ठेवली. मग रांगेकडं वळला.

“कुणाला काय बोलायचंय?”

कुणीतरी खोकलं. बस.

नवराबायको गाव सोडून हौसाबाईच्या भावाकडं गेले. जाताना देवाला नमस्कार करायलाही भिवबाला आत सोडलं नाही. चोर ना तो.

पुढच्या हनुमान जयंतीला मारुतीला नवे डोळे बसले. दिले कुणी? संग्रामनं. देवळाच्या भिंतीत त्याच्या नावाची संगमरवरी पाटी. गावानं टाळ्या वाजवल्या. दगडूच्या सगळ्यांत मोठ्या. आणि पगारी पुजारी ठेवलाय, तो रबरी हातमोजे घालून शेंदूर लावतो. त्यामुळं शिरसवाडीत आता कुणीच रंगेहाथ सापडत नाही. आदर्श गाव.

चोर एकच होता, मंडळी. पण भिवबाचं घर एकट्या चोरानं नाही उठवलं. त्याला आपले दोन हात पुरले नसते.

असो. आता गजर घेऊ. दोन्ही हात वर करा. अजून वर. वा, काय स्वच्छ आहेत सगळ्यांचे. आता खाली घेताना एकदा नाकाजवळ न्या.

काय म्हणता? सर्दी झालीय?