चौथा प्लग

वहिनी: झोप येत असेल तर तसं सांगा ना भाऊजी. डोळे मिटून पाना धरलाय तुम्ही.

मिस्त्री: डोळे मिटले की हाताला जास्त कळतं. आणि जरा गप्प बसता का? आवाज ऐकतोय मी.

वहिनी: कसला आवाज? मला तर काही ऐकू येत नाही.

मिस्त्री: तुम्ही बोलत असताना कसा येईल? आटे सुटायला लागले की कर्र करतात. ह्या ट्रकचे पहिले तीन हीटर प्लग कुरकुरत का होईना, बाहेर आले. हा चौथा ढिम्म. हूं नाही की चूं नाही.

वहिनी: तुमच्या मोठ्या भावावर गेलाय.

मिस्त्री: मोठ्या भावानंच बसवलाय. हे कोपरे बघा, कसे चेपलेत. पान्याला पाइप अडकवून आवळलाय, आणि तोही कोरडाच. आट्यांना बोटभर ग्रीस लावलं असतं तर आज हे चहा होईपर्यंतचं काम होतं. सख्ख्या भावाचं गॅरेज असताना रस्त्याच्या कडेला बसून स्वतः उपद्व्याप करायची काय गरज होती दादाला?

वहिनी: तुमच्याकडे आणली असती तर तुम्ही बोलला असता. तुमच्या तोंडाला फार भ्यायचे ते.

मिस्त्री: दादा? मला?

वहिनी: मग! म्हणायचे, मिस्त्रीकडे नेली की आधी माझी तपासणी होते, मग गाडीची. आणि आवळायचं म्हणाल तर घरात तरी काय वेगळं होतं? नळ आवळ, डबे आवळ, बरण्या आवळ. साखर काढायची तर शेजारणीला हाक मारायची मी. ती म्हणायची, तुझ्या नवऱ्यानं साखरेला काय जन्मठेप दिलीय का? एक बरणी तर अजून तशीच आहे फळीवर. त्यांनी झाकण लावलेली. ते गेल्यावर उघडलीच नाही.

मिस्त्री: उद्या आणा इकडे. पट्टा लावून फिरवतो, एका झटक्यात उघडेल.

वहिनी: आधी हे उघडा. बरणीचं बरणी बघेल.

मिस्त्री: इंजिन गार पडायला लागलं. जा, बसा वर आणि चालू करा परत. तापलेलं असतानाच फिरवायला हवा.

वहिनी: हे काय, लगेच पेटली की! सकाळी चार माणसांनी ढकलली तेव्हा कुठं हलली होती. मग राहू द्या ना तो चौथा तसाच. तीन नवे बसलेत, बास झालं.

मिस्त्री: आता तापलीय म्हणून पेटली. पहाटेच्या गारठ्यात चौघांनी मिळून आत ऊब दिली की मग डिझेल पेट घेतं. तिघांवरही खोकत खोकत चालेल एखाद वेळेस. पण हा आत फुगलाय, वहिनी. टोक तुटून पिस्टनवर पडलं तर अख्खं इंजिन गेलं.

वहिनी: आणि काढताना मोडला तर?

मिस्त्री: तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकणच, खोलायचं. आठवडा तरी गाडी इथंच.

वहिनी: आठवडा? भाऊजी, एक पहाट चुकली तरी डेअरीवाला माझ्या वाटेवरचं दूध दुसऱ्या गाडीत भरेल. आज तोंडावर म्हणाला, बाई, आता उशीर केलात तर येऊच नका. एकदा दुसरी गाडी लागली की मला परत कोण विचारतंय?

मिस्त्री: नाही विचारलं तर नाही विचारलं.

वहिनी: काय म्हणालात?

मिस्त्री: इंजिन बंद करा. हां. आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. विका ही गाडी. चांगलं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. मागच्या महिन्यात स्टिअरिंगवर डुलकी लागली, गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. कॅन सांडले, तेवढ्यावर निभावलं. दर वेळी तेवढ्यावर निभावत नसतं. दादाला खांदा दिलाय मी. परत कुणाला द्यायचा नाही मला.

वहिनी: आणि गाडी विकून मी काय करू? भिंती पुसत बसू? पहाटे त्या वाटेवर माणसं दारात कॅन ठेवून उभी असतात. माझी वाट बघतात. घरात कोण बघतं माझी वाट? आणि खरं सांगू? ह्या गाडीत बसले की ते शेजारी बसलेत असं वाटतं. ब्रेक जरा जोरात दाबला की बोलतील आता, असं वाटतं. घरात नाही वाटत तसं. घर नुसतं घर आहे.

मिस्त्री: मी दमलोय वहिनी. पहाटे तुमची गाडी पुलावरून गेल्याचा आवाज आला की माझी झोप उडते. ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत हातातल्या कामात जीव नसतो. रोजचं आहे हे.

वहिनी: कधी बोलला नाहीत ते?

मिस्त्री: तुमच्यापुढे बोलायची पाळी येते का कुणाची?

वहिनी: येते येते. आता आलीय, तर एक विचारते. रागावू नका. हा प्लग काढायलाच हवा असं आहे, की काढताना मोडला तर बरंच असं आहे?

मिस्त्री: वहिनी!

वहिनी: मनात आलं ते विचारलं.

मिस्त्री: माझ्याही मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी, ही गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा. म्हटलं, एक हिसका दिला की कटकट संपली. सगळ्यांनाच झोप. म्हणून तर एवढा हळू चाललोय. तेव्हापासून ह्याच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारतोय. पाव वळसा मागं, पाव वळसा पुढं. गिऱ्हाइकाच्या गाडीला एवढा लाड नाही केला कधी.

वहिनी: बरं. मग काढा.

मिस्त्री: काढू? नक्की?

वहिनी: तुम्ही म्हणताय ना पिस्टनवर पडेल? मग काढा. मी बॅटरी धरते.

मिस्त्री: खाली धरा. डोळ्यांत नको माझ्या. आणि तो दुसरा हात इकडे द्या. हा असा, माझ्या हातावर ठेवा. म्हणजे मी काय करतोय ते कळेल तुम्हाला. कळतंय काही?

वहिनी: कडक लागतंय.

मिस्त्री: तो माझा हात आहे.

वहिनी: चहा तरी घेतलात का दुपारचा?

मिस्त्री: नंतर. आता बघा. मागं. थांबायचं. पुढं. थांबायचं. परत मागं.

वहिनी: कर्र झालं! झालं ना? बोलला मेला!

मिस्त्री: झालं खरं. श्वास घेऊ द्या त्याला. अजून जरा स्प्रे. मागं. पुढं.

वहिनी: यायला लागलाय, भाऊजी. मऊ लागतोय आता.

मिस्त्री: मऊ लागतोय तेच वाईट आहे.

वहिनी: का? सुटतोय ना?

मिस्त्री: सुटत नाहीये. आटे जागेवरच आहेत, प्लगलाच पीळ बसतोय. थांबा. मागं घेतो. हळूच मागं…

(कट् असा बारीक आवाज होतो.)

मिस्त्री: गेला.

वहिनी: हं.

मिस्त्री: वरचा तुकडा पान्यात आला. आटे आत राहिले. वहिनी, मी मुद्दाम नाही मोडला.

वहिनी: पाना खाली ठेवा आधी.

मिस्त्री: दादाची शपथ सांगतो. मी उलट मागं घेत होतो…

वहिनी: त्यांची शपथ कशाला? माझा हात होता की तुमच्या हातावर. मला काय कळलं नाही का? हिसका कुठं होता? लहान मूल झोपवताना थोपटतात तसं चाललं होतं तुमचं.

मिस्त्री: मगाशी तुम्ही तसं विचारलंत, म्हणून…

वहिनी: मगाशी हात ठेवला नव्हता. घ्या हे फडकं. डोळे पुसा. त्या बाजूनं नको, काळं लागेल.

मिस्त्री: घामानं चुरचुरतायत.

वहिनी: घामच असेल. जाऊ दे भाऊजी. दूध जाईल दुसऱ्याच्या गाडीतून. आणा तुमचं ते गिऱ्हाईक. माझ्यातही भांडायचं त्राण नाही आता.

मिस्त्री: गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. माझा टेंपो आहे ना?

वहिनी: तो? सामान आणायचा?

मिस्त्री: निम्मेच कॅन बसतील. दोन खेपा कराव्या लागतील. टप गळतं, हॉर्न वाजत नाही. पण थंडीत पहिल्या हाकेला उठतो.

वहिनी: आणि मला डुलकी लागली तर? मगाशी तर मला घरी बसवायला निघाला होतात.

मिस्त्री: मी येतो ना बरोबर. एक खेप तुम्ही चालवा, एक मी.

वहिनी: शेजारची जागा त्यांची आहे, सांगितलं ना.

मिस्त्री: ती ट्रकातली. टेंपोत रिकामी आहे. तुम्ही आपलं बोलत राहा, म्हणजे आपण दोघंच काय, वाटेवरची सगळी वस्ती जागी राहील.

वहिनी: मेलं बाई तुमचं तोंड! बरोबर भ्यायचे ते. आणि ह्या ट्रकचं काय?

मिस्त्री: हेड खोलतो. राहिलेला तुकडा काढतो, आटे साफ करतो. चौथा नवा बसवतो, ग्रीस लावून, आधी हातानं फिरवून. मग विकायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी परत नाव काढणार नाही. दादानं आवळलेलं एकेक नट सुटायला वेळ लागेल, तेवढा द्या. खोलू ना?

वहिनी: खोला.

मिस्त्री: नंतर म्हणू नका, विचारलं नाही म्हणून.

वहिनी: नाही म्हणत. जे खोलायचं ते सगळं खोला, भाऊजी. ती बरणी तेवढी राहू दे.