थर्मामीटर तोंडात

सत्तर सालच्या सुमारास मेडिकल कॉलेजातले आमचे सर म्हणाले, "फॅमिली डॉक्टर व्हायचंय ना? मग मढच्या दवाखान्यात सहा महिने काढ." पहिल्याच दिवशी कोळीवाड्यातून बोलावणं आलं. घरात एक बाई चटईवर पडलेली. ती काही सांगायला लागली, तर मी थर्मामीटर तिच्या तोंडात खुपसला. "बोलायचं नाही!" नाडी बघितली, पाठीला नळी लावली. थर्मामीटर काढल्यावर ती म्हणाली, "डाक्टर, पहाटे मासळी विकून आले, म्हणून जरा पडलेले. आजारी बाजूच्या घरात हाय."

अरे, तोंड कुठे लपवू असं झालं रे! बाजूच्या घरात गेलो, तर तिथला आजारी म्हातारा मघापासून धापा टाकत माझी वाट बघत होता. कुडाच्या पातळ भिंतीपलीकडून त्याने सगळं ऐकलेलं. मी पिशवीत हात घालताच त्याने माझं मनगट धरलं.

"थांब पोरा, आधी मला बोलू दे."