शांतीभाईचा लाहा

जबाब देणार : बाज्या वलद रेवजी पावरा, वय अंदाजे साठ, धंदा शेती व जंगलकाम, राहणार आंबापाणी, तालुका तळोदा, जिल्हा धुळे. डिसेंबर १९६३.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील गावी मी बायको दिवलीबाईसह राहतो. लाकडाचे ठेकेदार करणसिंग यांची फिर्याद आहे की, सेवा संस्थेचे शांतीलाल यांनी आमच्या पाड्याकडून शाळेची झोपडी वेठीने, बिनमजुरीने बांधून घेतली. त्याबद्दल मला चौकीवर बोलावले.

झोपडी आम्हीच बांधली. मजुरी घेतली नाही, हे खरे. तो लाहा होता. आमच्यात एकाचे काम निघाले की सारा पाडा जातो. तो जेवू घालतो, मजुरी कोणी मागत नाही. पुढे आपले काम निघाले की त्याने यायचे. शांतीभाईने उडदाची डाळ आणि भाकरी घातली. डाळ खारट होती.

शांतीभाई तापीकाठच्या गुजर घरचा. देशात पहिले मतदान झाले त्या साली एक पिशवी आणि कंदील घेऊन डोंगर चढून आला. तेव्हा टोपी दिसली की आमची माणसे रानात पळत. याच्याही डोक्यावर टोपी. पाडा ओस पडला. हा माझ्या ओट्यावर बसून राहिला. दिवस कलला तशी आधी आमची कोंबडी परत आली, मग दिवलीबाई, मग मी.

पळत का होतो, हे विचारले नाही, म्हणून सांगत नाही. ठेकेदार तेव्हाही करणसिंगच होते. पुढे संस्थेने आमची सोसायटी उभी केली आणि जंगलतोडीचे काम आम्हीच घेऊ लागलो. चोराच्या उलट्या बोंबा, अशी म्हण आहे. हवालदारसाहेब म्हणाले, "बाबा, जबाबात म्हणी लिहीत नसतात." तरी लिहावी.

शांतीभाई डोंगरावर आला त्याच साली माझ्या ज्वारीचा लाहा होता. शांतीभाई न बोलावता विळा घेऊन आला. दिवलीबाई म्हणाली, "भाऊ, ज्वारी कापता की तिची दाढी करता?"

शांतीभाई तळवे दाखवत म्हणाला, "हासू नको व बाई, मन्हा हात सोलायी ग्यात!"

सारे शेत हसले. तेव्हापासून त्याच्यावाचून पाड्यावर लाहा झाला नाही. त्याला ना घर, ना शेत. त्याचा लाहा कधी निघेचना. आम्ही वाट पाहत होतो. शाळा निघाली, तेव्हा कुठे आमची पाळी आली.

बिनमजुरीचे काम घेणे गुन्हा असेल, तर इतकी वर्षे आम्ही शांतीभाईकडून घेतले, ते आधी लिहावे. आरोपीत सारा पाडा घालावा.

उद्या नथ्थूच्या घराचे छप्पर चढवायचे आहे. शांतीभाई बाहेर बाकावर बसला आहे. मी त्याला न्यायला आलो आहे.

जबाब हवालदारसाहेबांनी वाचून दाखवला. सोसायटीच्या पाटीवरून अक्षरे लावायला शिकलो, तसा बोट ठेवून मीही वाचला. सांगितला तसाच आहे. फक्त डाळीचे वाक्य शांतीभाईला वाचून दाखवू नये.

सही : बाज्या रेवजी पावरा