भिंतीवरची अठ्ठाविसावी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या त्रिशूर सहकारी मुद्रणालयाचे व्यवस्थापक पौलोस सर, व्यासपीठावरच्या संचालक आयेशाबीवी, कामगार बंधू-भगिनींनो, आणि जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आम्हा सर्वांची थोरली बहीण, आमची कार्त्यायनी चेची,

युनियनचा सेक्रेटरी बोलायला उठला की मागची रांग चहाकडे सरकते, हे मला ठाऊक आहे. आज बसा. आज मी व्यवस्थापनाविरुद्ध बोलणार नाही.

चेची छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला इथे आली आणि संगणकावर निवृत्त होते आहे. तिने माउसला हात लावलेला मी पाहिला नाही. आपण माउस फिरवत मेनू शोधायचो, तोवर तिचं पान तयार असायचं. हे तिनेच आपल्याला शिकवलं. मीच ठराव मांडला, की ज्ञान कुणा एकाच्या मुठीत राहता कामा नये. चेचीने कळफलकावरच्या सगळ्या शॉर्टकटांची यादी करावी. तिने केली. सत्तावीस ओळी. ती भिंतीवर लागली.

पण एक अडचण उरली. आपल्याकडे माणसाच्या नावाआधी दोन-दोन आद्याक्षरं. लग्नपत्रिका असो की मतदारयादी, 'के. पी.' वरच्या ओळीच्या टोकाला राहायचं आणि नाव खालच्या ओळीत पडायचं. मग आपला जॉबी ओरडायचा, "चेची, नवरामुलगा खाली पडला."

"हाडं मोडली का बघ, आलेच," म्हणत ती उठायची. तीन कळा दाबायची, नाव जागेवर. मग तिथेच टेकायची. जॉबीच्या बायकोचं बाळंतपण, कुणाचा दुखरा गुडघा, कुणाच्या घरची मासळी. आई गेल्यापासून चेची घरी एकटी, हे आपल्याला माहीत नव्हतं का? होतं. कुणी त्याचा विचार केला नाही, इतकंच.

मी वाचणारा माणूस. संगणकाचं तीनशे पानी पुस्तक चाळून मी तिची ती युक्ती शोधून काढली. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून स्पेसबार दाबला की दोन शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत. एवढंच. मी सर्वसाधारण सभेत उभा राहिलो आणि तिला विचारलं, "चेची, हे तुम्ही लपवून ठेवलंत? ही जमीनदारी कुठून शिकलात?" टाळ्या पडल्या. तुम्हीच वाजवल्या होत्या.

ती म्हणाली, "राहून गेलं असेल, सेक्रेटरी."

मी लाल शाईने अठ्ठाविसावी ओळ लिहिली. त्याला सहा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात या भाषणासाठी मी आठवणी गोळा करत होतो. जॉबीला विचारलं, "चेचीशी शेवटचं कधी बोललास?" त्याला आठवेना. म्हणाला, "काम काय पडतं हो त्यांच्याशी?" तुमच्यापैकी अकरा जणांना मी हेच विचारलं. उत्तरंही साधारण हीच.

काल मी आजच्या कार्यक्रमाची पत्रिका जुळवायला बसलो. 'के. पी.' वर, 'कार्त्यायनी' खाली. कळा मला पाठ आहेत, तरी उठून तिच्या टेबलापाशी गेलो. म्हणालो, "चेची, तुमचं नाव खाली पडलंय. जरा येता का?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. म्हणाली, "भिंतीवर आहे की. तुमच्याच अक्षरात."

मी परत आलो आणि त्या कळा स्वतःच दाबल्या.

मित्रांनो, ज्ञान सर्वांचं असावं हे मी आजही मानतो, उद्याही व्यासपीठावरून सांगेन. पण त्या बाईने पुऱ्या यादीतून एकच ओळ स्वतःसाठी ठेवली होती, आणि तीही कशासाठी, तर कुणीतरी हाक मारावी म्हणून. ते मला पुस्तकात सापडलं नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या लाल ओळीबद्दल मात्र सभेची माफी मला नको. ती मी चेचीकडे मागतो आहे, आणि तिने नाही म्हटलं तरी माझी तक्रार नाही.