काळ्या पायांचा वटवट्या

—नाही नाही, बसा ना काका, बाक काही माझा नाही — फक्त बोट दाखवू नका, उडेल तो. त्या झुडपातला, मुठीत मावेल एवढा. चिमणी? छे, चिमणी दाणे टिपते. हा किडे खातो, क्षणभर स्वस्थ बसत नाही. वटवट्या. कोणता वटवट्या, हाच तर प्रश्न आहे — दोन प्रजाती, जुळ्या भावांसारख्या. फरक पायांत: एकाचे काळे, दुसऱ्याचे फिकट. आणि गाण्यात. पण थंडीभर हे गातच नाहीत, म्हणून मी पायांवरून ओळखले. काळे पाय, एकशे बारा नोंदी. या तळ्यावर काळ्या पायांचा पूर्वी कुणीच पाहिलेला नाही — म्हणजे मीच पहिली! प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे, आणि ते माझ्या मार्गदर्शक बाईंना आज दुपारी पाठवायचंय.

मग अडलं कुठे? ताईपाशी. थोरली बहीण माझी, काल डबा द्यायला आली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "अगं, हा आंघोळ करून आला, बघ, पाय कसे गोरे झाले!" चिखल हो, काका! काठावरचा काळा चिखल! सहा महिने मी चिखलाचं शास्त्रीय वर्णन केलं — हसा, हसा, ताई तर हसून हसून बाकावरून घसरली. "एवढी शिकलीस, पण पाय धुतलेत का, ते नाही विचारलंस त्याला!"

अर्थात एका पक्ष्यावरून निष्कर्ष काढणं योग्य नव्हे. 'बहुधा' म्हणावं. फार सोयीचा शब्द आहे — पंधरा दिवसांपूर्वी मलाही दिसला होता ना एक, पाण्यातून निघालेला, फिकट पायांचा. वहीत लिहिलं, 'बहुधा उन्हाची तिरीप'. ढग होते त्या दिवशी. — हे ताईला माहीत नाही. तुम्हाला कशाला सांगितलं, कोण जाणे.

तर आज गाणं ऐकायचं. थंडीचे पाहुणे हे, मायदेशी परतायची वेळ झाली की गातात. काळ्या पायांचा दोनच सूर ठोकतो, टिक-टॅक, टिक-टॅक. फिकट पायांचा वरून खाली घरंगळत येतो, अगदी — शू! हलू नका.

…

ऐकलंत? घरंगळला! शेवटच्या पायरीपर्यंत! सहा महिने तोंड मिटून बसला होता लबाड, आणि गातो किती गोड! एका गाण्याने एकशे बारा नोंदी रद्द होत नाहीत, हे खरं — पण मला कळलं ना. रडतेय कुठे? हसतेय मी. काका, तुम्ही आता जरा पलीकडच्या बाकावर जाल का? बाईंना फोन लावतेय, त्यात ढगांचंही सांगायचंय — आणि ते कुणासमोर जमायचं नाही मला. या आता.